वाघाच्या फोटोत न मावणारं जंगल

समाजमाध्यमांवर ताडोबाचा एक फोटो वर्षानुवर्षं फिरतो आहे. दर वेळी वाघ वेगळा, काढणारा वेगळा, पण फोटो तोच. मातीची तांबूस वाट, दोन्ही बाजूंना बांबूची बेटं, तिरपं कोवळं ऊन आणि थेट कॅमेऱ्याकडे पाहत चालत येणारा पट्टेदार वाघ. हा फोटो खोटा नसतो. त्या क्षणी वाघ तिथे खरोखरच होता आणि ऊनही तसंच पडलं होतं. मात्र त्यात मावतो तो एका सेकंदाचा अंश आणि वाटेचा लहानसा तुकडा. उरलेलं जंगल, उरलेला दिवस आणि तिथे राहणारी माणसं चौकटीबाहेर राहतात. पर्यटक मात्र सहलीचा बेत त्या चौकटीवरूनच आखतो. तो पुरा व्हावा म्हणून मग गाइडवर, चालकावर, वाघावर आणि जंगलालगतच्या गावांवर जो ताण येतो, त्याची नोंद कुठल्याही फोटोखाली नसते.

हा ताण समजून घ्यायला चंद्रपूर आणि गडचिरोली यांच्याइतकी चांगली जागा महाराष्ट्रात दुसरी नाही. २६ ऑगस्ट १९८२ पर्यंत हा एकच जिल्हा होता. आज त्यातल्या एका भागात राज्यात ज्याचे सर्वाधिक फोटो काढले जातात ते जंगल आहे. दुसऱ्या भागात राज्यातलं सर्वात मोठं जंगल आहे आणि त्याचे फोटो आत्ता कुठे फिरू लागले आहेत.

मोहर्लीच्या वाटेवर

नागपूरहून चंद्रपूर सुमारे दीडशे किलोमीटर आणि चंद्रपूरहून ताडोबाचं मोहर्ली प्रवेशद्वार आणखी तीसेक किलोमीटर. या शेवटच्या तीस किलोमीटरांत आधी दुर्गापूर लागतं, मग पद्मापूर. दोन्ही कोळसा खाणींची गावं. खुल्या खाणीतून उपसलेल्या माती-दगडांचे ढीग टेकड्यांएवढे झाले आहेत आणि त्यांवर बाभळी उगवल्या आहेत. शहराच्या कडेला २,९२० मेगावॅट क्षमतेचं महाऔष्णिक वीज केंद्र आहे. त्याला पाणी पुरवणारं इरई धरण जंगलाला खेटून आहे. कोळशाच्या गाड्यांमागून धूळ खात पद्मापूरच्या नाक्यापाशी पोहोचलं, की अचानक साग आणि बांबू सुरू होतात. त्यानंतर अगरझरी, मग मोहर्ली.

नवख्या पर्यटकाला हा रस्ता फसवणूक वाटते. ज्या 'अस्सल रानात' जायचं म्हणून तो निघाला, त्याच्या दारात वीज केंद्राच्या चिमण्या आणि खाणी उभ्या असतात. पण चंद्रपूरच्या वाघाचं खरं घर हेच आहे. खाणीच्या ढिगांवरचं झुडूप, नाल्याकाठचा आडोसा आणि वीज केंद्राच्या आवारातलं रान हे सगळं त्याच्या फिरण्याच्या हद्दीत येतं. फेब्रुवारी २०२२ मध्ये वीज केंद्राच्या परिसरात कामावरून परतणारा एक कामगार वाघाच्या हल्ल्यात मरण पावला आणि दुसऱ्याच दिवशी दुर्गापुरात एका सोळा वर्षांच्या मुलाला बिबट्याने नेलं.

त्याच वर्षी मे महिन्यात वाघडोह गेला. चेहऱ्यावरच्या व्रणामुळे 'स्कारफेस' म्हणून ओळखला जाणारा हा थोराड नर अनेक वर्षं ताडोबाचा सर्वात प्रसिद्ध वाघ होता. म्हातारपणी तरुण नरांनी त्याला त्याच्या हद्दीतून हुसकावलं. सुमारे सतरा वर्षांचा होऊन तो मेला, तेव्हा त्याचा देह सापडला तो ताडोबाच्या बाहेर, दुर्गापूरच्या खाणपट्ट्याजवळ सिनाळ्याच्या जंगलात. त्याचे गाजलेले सगळे फोटो मोहर्लीच्या आतले. शेवटचे दिवस त्याने काढले ते पर्यटक ज्या रस्त्यावर काचा वर करून झपाट्याने पुढे जातात, त्याच्या आसपास.

चार तासांचं गणित

ताडोबा हे महाराष्ट्रातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान. १९५५ साली ते जाहीर झालं, तेव्हा क्षेत्र होतं ११६.५५ चौरस किलोमीटर. १९८६ मध्ये शेजारच्या अंधारी अभयारण्याची घोषणा झाली आणि नव्वदच्या दशकाच्या मध्यावर दोन्ही मिळून व्याघ्रप्रकल्प झाला. आज त्याचा गाभा, म्हणजे कोअर, सुमारे ६२५ चौरस किलोमीटरचा आहे. भोवतीचं बफर क्षेत्र धरून एकूण १,७२७ चौरस किलोमीटर. २०२२ च्या राष्ट्रीय व्याघ्रगणनेत या प्रकल्पात ९७ वाघ मोजले गेले. सरासरी काढली तर एका वाघामागे सुमारे अठरा चौरस किलोमीटर जंगल येतं.

आता पर्यटकाच्या बाजूने पाहू. जुलै २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशभरातल्या व्याघ्रप्रकल्पांच्या कोअरमधलं पर्यटन थांबवलं होतं. ऑक्टोबरमध्ये ते पुन्हा सुरू झालं ते नव्या मार्गदर्शक तत्त्वांसह. कोअरचा जास्तीत जास्त वीस टक्के भाग पर्यटनासाठी, असं त्यांत ठरलं. ताडोबापुरतं ते क्षेत्र सव्वाशे चौरस किलोमीटरांच्या आसपास भरतं. त्यातही सफारीच्या जिप्सीला फक्त ठरलेल्या वाटा. गाडीत जास्तीत जास्त सहा पर्यटक, एक गाइड आणि चालक. खाली उतरायचं नाही, मोठ्याने बोलायचं नाही. पहाटेची एक फेरी, दुपारची एक. मंगळवारी कोअर बंद आणि पावसाळ्याचे तीन महिने, जुलै ते सप्टेंबर, पूर्णच बंद.

वाघ दिवसाचा मोठा भाग झोपून किंवा सावलीत पडून काढतो. तेव्हा चार तासांच्या फेरीत तो दिसला नाही, तर त्यात नवल नाही. तो दिसतो हेच विशेष, आणि ताडोबात तो बराच दिसतो याला कारणं आहेत. वाघाला मातीच्या मऊ वाटा चालायला आवडतात. हद्दीच्या खुणाही तो वाटेकडेच्या झाडांवर ठेवतो. उन्हाळ्यात पानगळ होते, नाले आटतात आणि जनावरं मोजक्या पाणवठ्यांवर येतात. त्यांतले कित्येक पाणवठे वनविभागाने सौरपंपावर भरते ठेवलेले आहेत. म्हणून एप्रिल-मे हा 'साइटिंग'चा, म्हणजे वाघ दिसण्याचा हंगाम.

पण हाच चंद्रपूरचा सर्वात कठीण ऋतू आहे. देशातल्या सर्वाधिक तापमानाच्या शहरांत चंद्रपूरचं नाव मे महिन्यात वारंवार येतं आणि पारा पंचेचाळीस अंशांच्या वर जातो. दुपारची फेरी उघड्या जिप्सीत सुरू होते तेव्हा गाडीचा लोखंडी दांडा हाताला चटका देतो. पाण्यात बसलेल्या वाघाच्या फोटोत तापमान उमटत नाही. लहान मुलं आणि वयस्कर मंडळी घेऊन आलेल्या कुटुंबाला ते पहिल्या अर्ध्या तासातच कळतं. याउलट डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे त्याच जिप्सीत ब्लँकेट लागतं.

मग प्रत्येक फेरीत वाघ दिसतो असं घरी बसलेल्याला का वाटतं? कारण ज्यांना दिसला, ते फोटो टाकतात. ज्यांना दिसला नाही, ते गप्प राहतात. शंभर जिप्स्यांपैकी किती रिकाम्या परतल्या, याची नोंद कुणाच्या पडद्यावर येत नाही. संख्याशास्त्रात निवडीमुळे येणाऱ्या अशा दिशाभुलीचा स्वतंत्र अभ्यास होतो. समाजमाध्यमं त्यावर आणखी एक थर चढवतात. ज्या फोटोला जास्त पसंती मिळाली तोच जास्त लोकांपुढे ठेवला जातो. वाघाच्या दहा चित्रफिती पाहिल्या की अकरावीही वाघाचीच येते. भिंगाचा वाटा वेगळाच. चारशे-सहाशे मिलिमीटरचं भिंग दूरचा वाघ जवळ आणतं आणि दृश्याचा कोन इतका अरुंद करतं, की डावी-उजवीकडे उभ्या जिप्स्या आपोआप बाद होतात.

वाघ न दिसलेले चार तास रिकामे नसतात. गाइडचं काम त्याच वेळात दिसतं. चितळाची तीव्र शीळ, सांबराचा घोगरा इशारा, वानराचं खोकल्यासारखं ओरडणं, यांतून तो शिकारी जनावराची दिशा ताडतो. नुसतं चितळ ओरडलं तर थांबतो, सांबर ओरडलं तर गाडी वळवायला सांगतो, कारण सांबर सहसा उगाच ओरडत नाही. धुळीतल्या पावलांच्या ठशांवरून नर की मादी, ठसा पहाटेचा की रात्रीचा, हे सांगतो. ताडोबात रानकुत्र्यांचे कळप आहेत, अस्वलं आहेत, गवे आहेत, चौसिंगा आहे, तलावात मगरी आहेत. उन्हाळ्याच्या अखेरीस नवरंग आणि स्वर्गीय नर्तक दिसतात. ज्या तलावाकाठी जिप्स्या थांबतात, तिथेच गोंड समाजाच्या ताडोबा किंवा तारू देवाचं ठाणं आहे. वाघाशी झुंजताना मरण पावलेला गावाचा प्रमुख देव झाला, अशी त्याची कथा सांगतात. जंगलाला नाव मिळालं ते या देवामुळे.

मराठी वाचकाच्या मनात जंगलाचं चित्र एकेकाळी पुस्तकांनी उभं केलं होतं. व्यंकटेश माडगूळकरांचं 'नागझिरा' किंवा मारुती चितमपल्लींची पुस्तकं वाचून रानात गेलेल्या माणसाची अपेक्षा वेगळी होती. ते लेखन मुक्काम करून, पायी हिंडून झालं होतं. त्यात झाड, पक्षी, पाणी आणि वाट पाहणं यांना भरपूर जागा होती. वाट पाहणं चित्रफितीत टिकत नाही, संपादनात ते आधी कापलं जातं.

माया

ताडोबाच्या वाघांना क्रमांक असतात. प्रसिद्धी मात्र नावाने मिळते. टी-१२ ही वाघीण 'माया' झाली. पांढरपौनीच्या पाणवठ्यावर ती बछड्यांसह येई, गाड्यांना बुजत नसे, आणि तिच्या इतक्या छबी टिपल्या गेल्या की देशातल्या सर्वात प्रसिद्ध वाघिणींत तिची गणना होऊ लागली. गाड्यांना सरावलेली ही वाघीण पर्यटकांना ओळखीची, जवळजवळ घरची वाटू लागली.

२० नोव्हेंबर २०२१ रोजी राष्ट्रीय व्याघ्रगणनेच्या पूर्वतयारीसाठी एक महिला वनरक्षक मजुरांसह कोलारा भागात पायी निघाल्या होत्या. वाघाच्या खुणा नोंदवण्याचं काम चालत जाऊनच करावं लागतं. वाटेत वाघीण बसलेली दिसली, म्हणून त्यांनी थांबून वळसा घेतला. तरीही तिने हल्ला केला. त्या वनरक्षक महिलेचा मृत्यू झाला. ती वाघीण माया होती.

यात मायाचा दोष काढण्यासारखं काही नाही. जिप्सीतला माणूस आणि जमिनीवर चालणारा माणूस यांत वाघाच्या लेखी मोठा फरक आहे. गाडी ही त्याला एक मोठी, निरुपद्रवी वस्तू वाटते. पायी माणूस वेगळा. पण पर्यटकाला जे '९७ वाघ' म्हणून वाचायला मिळतं, तो आकडा अशा पायी फिरणाऱ्या वनरक्षकांच्या आणि मजुरांच्या कष्टातून तयार होतो. ते काम फोटोत नसतं. ऑगस्ट २०२३ नंतर माया दिसेनाशी झाली. त्या वर्षाच्या अखेरीस तिचे अवशेष मिळाले, आणि ते तिचेच असल्याची खात्री जनुकीय तपासणीने झाली.

गर्दीचा दाब

सहा पर्यटकांनी कित्येक आठवडे आधी नोंदणी केलेली, पुण्या-मुंबईहून रात्रभर प्रवास केलेला, आणि त्यांच्या हाती मोजक्याच फेऱ्या. अशा गाडीत गाइड म्हणून बसलेला बफरमधल्या गावचा तरुण किंवा तरुणी कुठल्या दबावाखाली असते, याची कल्पना करता येईल. वाघ दिसला तर बक्षिशी, नाही दिसला तर नाराजी. समोरून येणाऱ्या चालकाने खूण केली की जिप्स्या एकाच दिशेने धावतात, वेगमर्यादा मागे पडते आणि वाघाच्या वाटेवर गाड्यांची भिंत उभी राहते.

असं झालं की काय घडतं, ते ३१ डिसेंबर २०२४ रोजी शेजारच्या उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात दिसलं. गोठणगाव भागात एफ-२ ही वाघीण आणि तिचे पाच बछडे दोन्ही बाजूंच्या जिप्स्यांमध्ये अडकले. त्याची चित्रफीत पसरली, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली आणि चालक-गाइडांवर कारवाई झाली. कारवाई योग्यच होती. पण मागणी ज्यांनी निर्माण केली, ते पर्यटक तोवर घरी पोहोचले होते.

वाघावर याचा परिणाम होतो का, हे हैदराबादच्या 'सीसीएमबी' (पेशीय व रेणवीय जीवशास्त्र केंद्र) या संस्थेच्या शास्त्रज्ञांनी मोजून पाहिलं. मध्य प्रदेशातल्या कान्हा आणि बांधवगडमध्ये वाघांची विष्ठा गोळा करून त्यांनी त्यातल्या ताण दाखवणाऱ्या संप्रेरकांचं प्रमाण तपासलं. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात पर्यटनाच्या हंगामात ते प्रमाण पर्यटनबंदीच्या काळापेक्षा जास्त आढळलं. असा ताण दीर्घकाळ राहिला तर प्रजननावर परिणाम होऊ शकतो, हा त्यातला इशारा महत्त्वाचा आहे.

ताडोबाच्या कोअरमध्ये मोबाईल नेण्यावर २०१८ च्या अखेरीस बंदी आली. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कॉर्बेट व्याघ्रप्रकल्पाच्या प्रकरणात निकाल देताना देशभरातल्या व्याघ्रप्रकल्पांच्या कोअर पर्यटनक्षेत्रात मोबाईल वापरू नये आणि रात्रीचं पर्यटन बंद असावं, असं सांगितलं. मोबाईल नसल्याने गाड्यांना एकमेकींना ठिकाण कळवता येत नाही आणि झुंबड उशिरा होते. वाघाला तेवढी उसंत मिळते.

पर्यटनाचा कचराही कधीतरी चौकटीत येतो. २०२४ च्या सुरुवातीला निमढेला बफरमधली एक चित्रफीत देशभर पाहिली गेली. पाणवठ्यावर आलेला तरुण वाघ पाण्यातली प्लास्टिकची बाटली तोंडात धरून चालत निघाला होता. सुंदर प्रकाशात टिपलेल्या त्या दृश्याने बाटली कुणी टाकली हा प्रश्न लाखो लोकांपर्यंत नेला. समाजमाध्यमं चौकट रुंदही करू शकतात, याचं हे चांगलं उदाहरण.

कुरणाच्या आधी गाव होतं

कोअरमध्ये जामणी आणि नवेगाव इथली कुरणं पर्यटकांना फार आवडतात. उंच सोनेरी गवत, त्यात चितळांचे कळप आणि नशीब असेल तर गवतातून चालणारी वाघीण. हे गवत उगवलं ते माणसांच्या शेतांवर. बोटेझरी, नवेगाव, जामणी ही गावं २००७ नंतरच्या काळात टप्प्याटप्प्याने कोअरबाहेर वसवण्यात आली. धानाच्या बांध्या होत्या तिथे कुरणं तयार झाली, आणि तृणभक्षी वाढले म्हणून वाघही वाढले. वाघांसाठी ही गोष्ट निश्चित चांगली झाली. पण ज्यांनी घर, देव आणि शेत मागे ठेवलं, त्यांच्या त्यागाचा उल्लेख त्या कुरणाच्या फोटोखाली एकदा तरी यायला हवा.

बफरमधली आणि त्याबाहेरची गावं मात्र तिथेच आहेत. महाराष्ट्रात २०१८ मध्ये ३१२ वाघ होते, २०२२ मध्ये ते ४४४ झाले, आणि त्यांतला मोठा हिस्सा चंद्रपूर जिल्ह्यात आहे. ब्रह्मपुरी वनविभागात तर अभयारण्याबाहेर, शेतं आणि गावांच्या मधोमध वाघ राहतात. तिथल्या माणसाला वाघ पाहायला तिकीट काढावं लागत नाही.

मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहफुलं वेचायला जायचं, मे महिन्यात तेंदूपाने तोडायला. पानं उन्हाआधी तोडावी लागतात, म्हणून अंधार असतानाच बाया-माणसं रानात शिरतात. झुडपांत वाकून पानं खुडायची, घरी आणून सत्तर-सत्तरांचे पुडे बांधायचे आणि फडीवर, म्हणजे खरेदीच्या जागी, नेऊन द्यायचे. वर्षातली हाती येणारी मोठी रोख रक्कम याच काही दिवसांची. वाघाची हालचालही याच वेळेला असते, आणि वाकलेला माणूस त्याला चार पायांच्या सावजासारखा दिसण्याचा धोका असतो. १० मे २०२५ रोजी सिंदेवाही तालुक्यात मेंढा-माल इथल्या तीन बाया तेंदूपाने तोडायला गेल्या आणि तिघीही वाघाच्या हल्ल्यात मरण पावल्या. ताडोबाच्या सफाऱ्यांसाठी मात्र मे हा साइटिंगचा हंगाम.

शेजारच्या गडचिरोलीत वडसा वनविभागात आणि भंडारा-ब्रह्मपुरीत फिरलेल्या सीटी-१ या वाघाला ऑक्टोबर २०२२ मध्ये पकडलं, तोवर तेरा माणसांचे जीव गेले होते. मृतांच्या वारसांना सरकार आता २५ लाख रुपये देतं. पर्यटनाचं उत्पन्न, गाइडची नोकरी, महिलांना मिळालेलं जिप्सी चालवण्याचं प्रशिक्षण या सगळ्यामुळे बफरच्या काही गावांत वाघाबद्दलचा राग निवळला आहे. पण ज्या गावाजवळ प्रवेशद्वार नाही, त्या गावाला वाघाचा धोका तेवढाच असून कमाई काहीच नाही. प्रवास कुठल्या गावात मुक्काम करून, कुणाच्या घरी जेवून करायचा, याला म्हणूनच अर्थ आहे.

भीतीचाही बाजार मांडला जातो. नोव्हेंबर २०२५ मध्ये ब्रह्मपुरीच्या वन विश्रामगृहाबाहेर वाघाने माणसाला ओढून नेल्याची 'सीसीटीव्ही' चित्रफीत देशभर फिरली. ती कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेली होती, असा काहीही प्रकार घडलेला नाही, असं वनविभागाला जाहीर करावं लागलं. ज्या तालुक्यांत लोक खरोखरच मरत आहेत, तिथे खोट्या मृत्यूचं चित्र फिरवणं ही क्रूर गोष्ट आहे. खऱ्या इशाऱ्यावरचा विश्वास त्यामुळे उडतो.

दक्षिणेकडचं मोठं रान

गडचिरोली जिल्ह्याच्या १४,४१२ चौरस किलोमीटरांपैकी सुमारे ६९ टक्के भागावर जंगल आहे. जिल्ह्याच्या उत्तर टोकाला वडसा हे रेल्वे स्थानक आहे, तिथून पुढे सगळा प्रवास रस्त्याने. अनेक वर्षं बाहेरच्या जगाला या जिल्ह्याचं एकच चित्र माहीत होतं, नक्षलवादी हिंसेचं. ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवाद्यांचा वरिष्ठ नेता भूपती याने साठ साथीदारांसह गडचिरोलीत आत्मसमर्पण केलं आणि ते चित्र बदलू लागलं. त्याच्या जागी आता नवं चित्र येतं आहे, 'अस्पर्श, अनोळखी स्वर्गा'चं. हे दुसरं चित्रही अपुरं आहे.

आलापल्लीजवळ 'ग्लोरी ऑफ आलापल्ली' नावाचा जुन्या सागवानाचा राखीव तुकडा आहे. २०१४ मध्ये तो राज्यातलं पहिलं जैवविविधता वारसा स्थळ ठरला. त्याचं क्षेत्र अवघं सहा हेक्टर. सिरोंच्याजवळ वडधममध्ये जीवाश्म उद्यान आहे. चामोर्शी तालुक्यात वैनगंगेकाठी मार्कंड्याची कोरीव मंदिरं आहेत, तिथे महाशिवरात्रीला मोठी यात्रा भरते. कमलापूरला राज्यातला एकमेव शासकीय हत्ती कॅम्प आहे. २०२२ मध्ये इथले हत्ती गुजरातला हलवण्याची हालचाल सुरू झाली, तेव्हा गावकऱ्यांनी विरोध केला, समाजमाध्यमांवर तो आवाज मोठा झाला आणि कमलापूरचे हत्ती कमलापुरातच राहिले.

ही ठिकाणं नकाशावर जवळ दिसतात. गडचिरोलीहून भामरागड मात्र पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास आहे. आलापल्लीच्या वाटेवर सूरजागडच्या खाणीतलं लोहखनिज नेणाऱ्या अवजड ट्रकांची रांग असते, मोबाईलला मधल्या मोठ्या पट्ट्यात सिग्नल नसतो, आणि एका दिवसात तीन ठिकाणांचा बेत पहिल्याच दिवशी कोलमडतो. भामरागडला इंद्रावती, पामुलगौतमी आणि पर्लकोटा या नद्यांचा संगम आहे. पावसाळ्यात त्याचे हिरवेगार फोटो फिरतात. त्याच दिवसांत पर्लकोटेला पूर येतो, पूल पाण्याखाली जातो आणि भामरागडचा संपर्क तुटतो. हिवतापाचा धोका या भागात खरा आहे, मच्छरदाणी सामानात हवीच.

हेमलकसाचा लोकबिरादरी प्रकल्प भामरागडच्या अलीकडे. बाबा आमटे यांनी तो २३ डिसेंबर १९७३ रोजी सुरू केला आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी तो उभा केला. दोघांना २००८ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला, २०१४ मध्ये त्यांच्या कामावर चित्रपट आला. अनेकांना हेमलकसा माहीत आहे ते तिथे सांभाळलेल्या बिबट्या-अस्वलांच्या फोटोंमुळे. प्रत्यक्षात तिथलं मुख्य काम म्हणजे माडिया आदिवासींसाठीचा दवाखाना आणि निवासी शाळा. तिथे जाणाऱ्याने दवाखान्याबाहेर थांबलेली माणसं पाहावीत, ती किती लांबून चालत आली आहेत ते विचारावं, आणि त्यांच्या तोंडासमोर कॅमेरा धरू नये. गोटुल (गावातलं तरुणांचं सामूहिक घर), रेला नाच, गोंदलेले चेहरे यांच्या चित्रफिती सध्या फार चालतात. त्यांतली माणसं बहुतेक वेळा विचारल्याशिवाय टिपलेली असतात.

१ जानेवारी २०२५ रोजी एटापल्ली तालुक्यातल्या गट्टा-गर्देवाडा-वांगेतुरी मार्गावर पहिल्यांदा एसटी धावली. लालपरीच्या स्वागताची दृश्यं महाराष्ट्रभर पाहिली गेली. बाहेरच्यांसाठी तो एक हृद्य क्षण होता. वांगेतुरीच्या माणसासाठी त्याचा अर्थ असा, की तालुक्याच्या बाजाराला, दवाखान्याला आणि कचेरीला आता पायी जावं लागणार नाही.

'अस्पर्श' या शब्दाला सर्वात ठाम उत्तर धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाने दिलेलं आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली या गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, देशातल्या अगदी पहिल्या दाव्यांपैकी हा एक. बांबू किती आणि कधी तोडायचा, हे तिथे ग्रामसभा ठरवते. चंद्रपूर जिल्ह्यात गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावला २०१२ मध्ये सुमारे हजार हेक्टरवर असाच हक्क मिळाला. तेंदू तोडताना झाडं छाटली जातात आणि फळं धरत नाहीत, म्हणून या गावाने हातची कमाई सोडून तेंदूतोडच बंद केली. ही जंगलं हिरवी आहेत, कारण माणसांनी बैठका घेऊन, भांडून, राखण करून ती हिरवी ठेवली आहेत.

आज दोन्ही जिल्ह्यांत शेकडो गावांकडे असे हक्क आहेत, आणि आपल्या जंगलाचं रक्षण व व्यवस्थापन करण्याचा अधिकार त्यांना कायद्याने आहे. धबधब्यापर्यंत गाड्या जाऊ द्यायच्या का, गोटुलाजवळ कॅमेरा चालेल का, मुक्काम कुणाच्या घरी, पैसे कुणाकडे जमा करायचे, हे सगळं ग्रामसभेत ठरू शकतं. म्हणून गडचिरोलीचा बेत आखताना हॉटेलच्या आधी त्या गावच्या ग्रामसभेकडे विचारणा करावी. नोव्हेंबर-डिसेंबरात धानाची कापणी आणि मळणी असते, तेव्हा घरात पाहुण्यांसाठी वेळ कमी असतो. मे महिन्यात तेंदूमुळे गावं पहाटेच रिकामी होतात आणि रानात अनोळखी माणसाने एकटं फिरणं धोक्याचं असतं. जुलै-ऑगस्टमध्ये भामरागडकडे निघण्यापूर्वी पर्लकोटेचं पाणी कुठवर आहे, याची चौकशी तालुक्याला करावी लागते. जानेवारी-फेब्रुवारीत खळी आटोपलेली असतात, रस्ते कोरडे असतात आणि घरातल्यांना दोन दिवस सोबत हिंडायला सवड असते.